उलटं उडणाऱ्या विमानांची वंशावळ

बुलढाण्यात कुणी चिंचोले मॅडमकडे लग्नाची पत्रिका घेऊन गेलं, तर मॅडम आधी नवरानवरीचं नाव वाचत नसत. पत्रिका दोन बोटांत धरून वाकवून बघत, मग कानाशी नेऊन तिला टिचकी मारत. पत्रिका कडक निघाली की त्यांचा चेहरा खुलायचा. "चांगलं लग्न हाय. येतो आम्ही," म्हणायच्या. पातळ निघाली तर नुसतं "बरं बरं." नवख्या माणसाला वाटे, बाई आपलं खानदान जोखतेय. एकदा एका वरपित्याने बाहेर पडल्यावर मला काळजीने विचारलंसुद्धा, "मॅडम नाराज झाल्या का हो आमच्यावर?" त्या बिचाऱ्याला काय सांगणार, की मॅडम विमान कापायला पुठ्ठा शोधत होत्या!

मॅडम आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायच्या आणि मी मराठी. मी लग्न होऊन नाशिकहून बुलढाण्याच्या पठारावर आले, ती नोकरीभर तिथेच राहिले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मराठीवाल्या ना तुम्ही? मंग जरा सांभाळून. इथली मराठी ऐकून तुमाले चक्कर येईन." चक्कर आली नाही, पण मॅडमची मात्र सवय लागली. वर्गात फळ्यावर त्या अगदी पुस्तकी बोलत, आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की धाडच्या. धाड हे त्यांचं माहेर, बुलढाण्यापासून एसटीने जवळ. अंगाने ठेंगण्या, आवाजाने खणखणीत, आणि पदराला कायम एरंडेलाचा वास. मुलं मागून त्यांना 'एरंडेल मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. पोटाच्या तक्रारीचा आणि त्या वासाचा काही संबंध नव्हता. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या इंजिनात जे इंधन घालतात त्यात एरंडेल असतं, आणि मॅडम ते स्वतः घरी कालवत.

त्यांच्या घरात पाऊल टाकलं की डोकं वाकवावं लागे. दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी होती, आणि दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकावलेली पुठ्ठ्याची विमानं. प्रत्येक विमान म्हणजे जगात कुणीतरी, कधीतरी, कसरती करण्यासाठी आखलेलं एकेक रिमोटचं विमान. सगळ्यात जुनं दाराशी आणि सगळ्यात नवं देवघरापाशी. मुख्य दोरीखाली आणखी दोऱ्या होत्या. "वंशावळीत का फक्त राजेच असतात?" त्या म्हणत. "चुलते असतात, मावसे असतात. वरची दोरी राजाची, खालच्या दोऱ्या भाऊबंदांच्या." या सगळ्या प्रकाराला त्या 'वंशावळ' म्हणत. पावसाळ्यात चिंचोले साहेबांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या पँटी वाळायला त्या घरात जागा नसे. साहेब कोर्टातून निवृत्त झालेले, ताडमाड उंच. ते स्वतःच्या घरात आयुष्यभर नमस्कार घातल्यासारखे वावरले आणि कधी चकार शब्द बोलले नाहीत.

मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण मॅडमनी दोरीखालून हिंडवून हिंडवून मला सगळ्या पिढ्या ओळखायला लावल्या. दाराशी होती ती जाड पंखांची, संथ, गरीब विमानं. पंख पाठीवर बसवलेला, पंखाचं पोट सपाट आणि पाठ फुगीर. "हे सरळ चांगले उडतात. उलटे केले का रडतात." मग पंख खाली आला आणि पंखाचं पोटही पाठीसारखंच फुगीर झालं. "आता पाह्य, उलटं करा नाई त सुलटं, त्याले काई फरक नाई." त्यापुढे चाकं पोटात ओढून घेणारी, बाणासारखी सुसाट विमानं आली. मग स्पर्धांचे नियम बदलले, कसरती पंचांच्या डोळ्यांसमोरच कराव्या लागल्या, तशी विमानं पोट सुटलेली आणि सावकाश झाली. पुढे इंजिन जाऊन बॅटरी आली आणि देवघरापाशी तर पुन्हा जुन्या काळासारखी दोन मजली पंखांची विमानं लोंबत होती. "फॅशन फिरून येते, साड्यांवानी," मॅडम म्हणाल्या होत्या.

पत्रिकेचा पुठ्ठा असल्यामुळे एखाद्याच्या पंखावर सोनेरी गणपती यायचा, एखाद्याच्या शेपटीवर 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं छापलेलं असायचं.

त्यांचं एक वाक्य सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध होतं. वार्षिक बैठकीत प्राचार्य एका नव्या सरांचं फार कौतुक करत होते, की यांचा वर्ग कसा शांत, निकाल कसा उत्तम. वर्गही त्यांना हुशार मुलांचाच दिलेला होता. मॅडम मागच्या बाकावरून म्हणाल्या, "सरळ त कोणी बी उडते, सर. उलटं उडून दाखवा म्हना." पुढच्या वर्षी त्या सरांना नापासांची तुकडी मिळाली आणि गंमत म्हणजे त्यांनी ती खरंच छान सांभाळली. तेव्हा पहिलं अभिनंदन मॅडमनी केलं. खडूस होत्या, पण आकस ठेवणाऱ्या नव्हत्या.

त्या बैठकीनंतर मी विचारलं, उलटं उडण्यात एवढं काय आहे? मॅडमनी टेबलावरचं डस्टर उचललं.

"हे विमान. हे सरळ चाल्लं. रिमोटची दांडी आपल्याकडं ओढली, नाक कुठं जाईन?"

"वर."

त्यांनी डस्टर उलटं केलं. "आता हे उलटं चाल्लं. जमिनीजवळ आलं. घाबरल्या तुम्ही. दांडी ओढली. आता?"

"वर," मी म्हटलं.

मॅडमनी डस्टर टेबलावर असं आपटलं की खडूची धूळ माझ्या चहात पडली. "गेलं तुमचं विमान मातीत! उलट्या विमानाची दांडी ढकला लागते, बाई. सगळ्याले माहीत असते. पण हात ऐकत नाई. घाबरला का माणूस ओढतेच." मग डस्टर पुसत हळूच म्हणाल्या, "चांगले चांगले ओढतात."

वंशावळीत नाव लागायला त्यांचे कडक नियम होते. विमानाचा मूळ नकाशा किंवा साचा डोळ्यांनी पाहिला पाहिजे. त्यावरून ते बांधून उडवलेलं पाहिजे. आणि ते उलटं उडालेलं पाहिजे. ऐकीव गोष्टीला जागा नाही. या नियमांपायी त्या जगभरच्या लोकांशी भांडत. ऑस्ट्रियातले एक आजोबा होते, तरुणपणी स्पर्धा गाजवलेले, आणि आता मॅडमसारखेच या जुन्या विमानांच्या मागे लागलेले. दोघांचं व्हिडिओवर बोलणं चाले. मॅडमचं इंग्रजी गणिताच्या पुस्तकातलं, त्यांचं त्यांच्या देशाच्या वळणाचं. मध्ये मला दुभाषी म्हणून बसवत, जणू मराठीच्या बाईला इंग्रजी येतंच! एकदा आजोबांनी विचारलं, तुमच्या विमानांच्या पंखांवर काय लिहिलेलं असतं? मॅडम म्हणाल्या, नवरीचं नाव. आजोबांनी फार आदराने विचारलं, भारतात प्रत्येक विमानाला नवरी असते का? "यस," मॅडमनी ठोकून दिलं.

चाकं पोटात घेणारं एक विमान आधीचं की नंतरचं, यावर या दोघांचा अख्खा पावसाळा वाद चालला. मॅडम हट्टाला पेटल्या होत्या. शेवटी आजोबांनी कुठल्याशा माळ्यावरून मूळ नकाशा हुडकून त्याचा फोटो पाठवला. मॅडम साफ चुकल्या होत्या. मला वाटलं, आता चार दिवस यांच्या वाऱ्याला उभं राहायला नको. तर दुसऱ्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये पेढे घेऊन हजर! "चूक सापडली माही," त्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत सांगत होत्या, "आता वंशावळ खरी झाली." आपण चुकलो म्हणून पेढे वाटणारी व्यक्ती मी तोवर पाहिली नव्हती. ही खोड त्यांच्या घराण्यातच होती हे मला फार उशिरा कळलं.

वंशावळीत खालची एक दोरी आपल्याकडच्या माणसांनी आखलेल्या विमानांची होती, आणि तिच्यावर एक लाल चिमटा रिकामा होता. कितीही नवी विमानं आली तरी तो तिथून हलत नसे. मी बरेच दिवस विचारलं नाही. मग एकदा साहेबांनीच वाकल्या वाकल्या सांगितलं, "ते माधवदादाचं."

माधवदादा म्हणजे मॅडमचे थोरले भाऊ. धाडला भाजीपाल्याची शेती, वांगी आणि मिरची. पण कॉलेजात असताना त्यांना विमानांचं वेड होतं. लहानपणी ज्वारीच्या धांड्यांची विमानं करणारा हा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला. तिथे हवाई दलातून निवृत्त झालेले एक सर भेटले आणि त्यांच्याकडे रिमोटचा सेट होता. दादांनी स्वतःच्या डोक्याने एक विमान आखलं. परदेशी हलकं लाकूड मिळत नव्हतं, म्हणून पांगाऱ्याच्या लाकडात बांधलं. धाडजवळच्या माळावर सगळं गाव जमलं होतं, आणि छोटी कमल, म्हणजे आमच्या मॅडम, दादाचा शर्ट धरून उभी होती. विमान छान उडालं. दादांनी ते उलटं केलं. उलटं होताच ते नाक खाली घालून जमिनीत घुसलं. विमानात बसवलेल्या सरांच्या सेटचाही चुरा झाला. त्यानंतर दादांनी पुन्हा विमानाला हात लावला नाही. कुणी विषय काढला तर एकच बोलत, "विमानच खोटं होतं माहं. पंखात दम नोता."

"मले वाटते, विमान खोटं नोतं," मॅडम मला म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "पण वाटून काय होते? पंखाचं पोट सपाट होतं का फुगीर, दादाले बी आठवत नाई. सपाट असन त विमानाचा दोष. फुगीर असन त..."

ऑस्ट्रियाच्या आजोबांना ही हकीकत माहीत होती. मॅडम निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आजोबांच्या गावी जुन्या विमानांचं प्रदर्शन भरणार होतं आणि मॅडमची अख्खी वंशावळ तिथे मोठी करून लावायची ठरली होती. ते म्हणाले, तुम्ही स्वतः ते विमान उडताना पाहिलंय, आमच्यासाठी तेवढा पुरावा पुरे, लावून टाका. मी म्हटलं, साहेबांनी म्हटलं. मॅडम ऐकेनात. "भाऊ हाय म्हणून लावलं, त बाकीच्याईले काय तोंड दाखवू? साचा नाई, नकाशा नाई, अन् उलटं उडालं नाई. नाई लागत नाव." आणि चिमटाही काढेनात. म्हणजे नियम मोडवेना आणि भावाची जागा सोडवेना. निवृत्तीनंतर एवढ्या वर्षांनी सगळं जुळून आलेलं, आणि त्या रिकाम्या चिमट्यापाशी बाई अडून बसल्या होत्या. मला त्यांचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

त्या भाऊबीजेला मी त्यांच्याबरोबर धाडला गेले. एसटीतून उतरून बाजारातून मिठाई घेतली आणि दादांकडे पोचलो. दादा अंगणात, उन्हात खाट टाकून बसलेले, बारीक, हसरे. आम्ही स्वयंपाकघरात गोदावहिनींपाशी बसलो. वहिनींनी कणीक मळली आणि परातीला चिकटलेली कणीक पत्र्याच्या एका तुकड्याने खरवडू लागल्या. मॅडम बोलता बोलता थांबल्या.

"वहिनी, हे काय हाय?"

"खरवडनी हाय. काऊन?"

"कुठून आणली?"

"आणते कुठून, घरातच होती. मी लग्न होऊन आली तवापासून हाय. सासूबाई बी यानंच परात खरवडत."

मॅडमनी तो तुकडा त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला, लांबट, एकीकडे गोल आणि दुसरीकडे निमुळता, शेपूट नसलेल्या माशासारखा. इतक्या वर्षांच्या घासण्याने लखलखत होता. मॅडमनी तो पदराला पुसला आणि हाक मारली, "दादा! ओ दादा! इकडं ये!"

दादा आले, पत्रा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि ओरडले, "हा त माह्या फासळीचा साचा!"

विमानाच्या पंखात एकामागे एक अशा एकाच आकाराच्या पट्ट्या असतात, त्यांना ते फासळ्या म्हणत. एक पत्र्याचा साचा करायचा आणि त्यावरून सगळ्या फासळ्या कापायच्या. विमान मातीत गेल्यावर दादांनी सगळं फेकून दिलं होतं. पण चांगला पत्रा फेकून देईल तर ती आई कसली!

मॅडमनी पिठाचा डबा ओढला, ताटात पीठ पसरलं, हाताने सपाट केलं आणि साचा त्यावर हलकेच दाबला. ठसा उमटला. मग साचा उलटा केला आणि शेजारी पुन्हा दाबला. आम्ही सगळे ताटावर वाकलो. दोन्ही ठसे एकसारखे होते. जसं पोट तशी पाठ.

"फुगीर होतं," मॅडम म्हणाल्या. "दादा, पोट फुगीर होतं." आणि आमच्या त्या कडक बाई पिठाच्या ताटासमोर ढसाढसा रडल्या. मलाही आवरलं नाही. दादा मात्र नुसते ताटाकडे बघत राहिले.

गोदावहिनी तेवढ्या शुद्धीवर होत्या. त्या म्हणाल्या, "ते सगळं ठीक हाय. आता मी परात कशानं खरवडू?"

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्यांना हुबेहूब तसाच दुसरा तुकडा कापून पाठवला.

त्या हिवाळ्यात विमान बांधून झालं. दर रविवारी दादा धाडहून एसटीने यायचे, पिशवीत वांगी आणि पांगाऱ्याच्या फळ्या. पंख साच्यावरून झाला. बाकीचा सांगाडा दादांच्या हातांना आठवत होता. "नाकापासून पंखापर्यंत माहा एक हात," ते म्हणायचे आणि कोपरापासून मापून दाखवायचे. मॅडम म्हणायच्या, "तवाचा हात लहान होता का मोठा?" मग भांडण. शेपटीवरून तर एकदा दोघांनी बोलणं सोडलं आणि साहेबांना वाकत वाकत दोघांचे निरोप पोचवावे लागले. पण भांडताना दादा तरतरीत दिसायचे, हे मी पाहत होते.

आणि मग ती सकाळ आली. गावाबाहेरच्या पठारावर अजून वारं सुटलं नव्हतं. दादा नवी टोपी घालून आले होते. वहिनी, साहेब आणि मी एका बाजूला उभे राहिलो. मॅडमनी पदर खोचला, रिमोट गळ्यात अडकवला आणि इंजिन सुरू केलं. एरंडेलाचा तो ओळखीचा वास पसरला. दादांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.

विमान धावलं आणि उठलं. पिवळं, साधंसुधं, किती सहज उठलं! एक फेरी झाली, दुसरी झाली. दादा मॅडमच्या खांद्याशी उभे होते, त्या दिवशी माळावर छोटी कमल त्यांच्यापाशी उभी होती तसे. मॅडम म्हणाल्या, "दादा, करते मी आता."

विमान आमच्याकडे यायला लागलं आणि हवेतच कुशीवर वळून उलटं झालं. चाकं आभाळाकडे. नाक किंचित खाली झुकलं.

"ओढ!" दादा ओरडले. "कमल, ओढ! वर ओढ!" त्यांच्या दोन्ही मुठी हवेत होत्या आणि ते नसलेली दांडी जिवाच्या आकांताने छातीकडे ओढत होते.

मी मॅडमच्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठ्याने दांडी शांतपणे पुढे ढकलली.

नाक वर आलं. विमान उलटंच्या उलटं, ओंजळीतल्या पाण्यासारखं न हिंदकळता, आमच्या समोरून पठाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. पोटावर ऊन पडलं होतं. वहिनींनी हात जोडले. साहेब पहिल्यांदाच पूर्ण ताठ उभे राहून बघत होते.

मॅडमनी विमान सुलटं केलं, फेरी मारून उतरवलं, इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम शांत झालं. दादांच्या मुठी अजून छातीशीच होत्या. त्यांनी त्या उघडून तळव्यांकडे पाहिलं.

"कमल, तुनं ओढली नाई."

"नाई दादा. ढकलली."

"मी त्या दिवशी ओढली होती."

मॅडमनी रिमोट गळ्यातून काढला. त्यांना हे कधीपासून वाटत असणार ते मला त्या क्षणी कळलं. साचा सापडून विमान उलटं उडेपर्यंत त्यांनी ते भावाला बोलून दाखवलं नव्हतं, नुसत्या वाटण्यावर भावाला दोष दिला नव्हता.

"म्हणजे विमान बरोबर होतं?" दादांनी विचारलं.

"विमान बरोबर होतं. पंख बरोबर होता. तू चुकला, दादा."

या वयात म्हाताऱ्या माणसाला हे असं तोंडावर सांगायचं? दादांचा चेहरा आधी कोरा झाला. मग तो उजळत गेला, आणि ते हसायला लागले. टोपी काढून उडवली. "माही चूक होती!" ते ओरडले. "अवो ऐकलं का, माही चूक होती! विमान बरोबर होतं!" पठारावरून कुणी ट्रॅक्टरवाला चालला होता, त्याला हात करून थांबवलं आणि सांगितलं, "अबे, विमान बरोबर होतं! मीच ओढली उलटी!" तो बिचारा "हाव, हाव" म्हणत निघून गेला. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि रडतही होत्या. जन्मभर आपलं पोर कच्चं निघालं असं समजून बसलेल्या बापाला कुणीतरी सांगितलं होतं, की पोर खणखणीत होतं. मग स्वतःच्या चुकीचं काय एवढं!

परतताना दादांनी वाटेत गाडी थांबवून पेढे घेतले. चूक सापडल्याचे.

संध्याकाळी मॅडमकडे दोरीखाली सगळे जमलो. मॅडमनी पत्रिकांचा गठ्ठा काढला. पहिली पत्रिका दादांनी टिचकी मारून बाजूला ठेवली, "पातळ हाय." दुसरीही त्यांना पसंत पडेना. तिसरी चांगली कडक निघाली. मॅडमनी आकार कापला. विमानाखाली आखणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत होती, ते लिहून झालं. "आणखी एक ओळ लिही," दादा म्हणाले. "लिही, विमान बरोबर, चालवणारा चुकला." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शुद्ध पुस्तकी अक्षरात ती ओळ लिहिली. ऑस्ट्रियातल्या प्रदर्शनात ती तशीच मराठीत लागली आणि आजोबांनी खाली तिचा अर्थ दिला. लोक त्या विमानापाशी फार वेळ थांबत, असं त्यांनी कळवलं.

आता मी नाशिकला मुलाकडे राहते. मॅडमचा फोन येतो, नवी विमानं निघाली की माझी उजळणी घेतात. पण त्यांची आठवण आली की मला ती संध्याकाळच दिसते. मी निघाले होते, पायात चप्पल सरकवली होती, आणि दारातून सहज मागे वळून पाहिलं. मॅडमनी लाल चिमटा उघडून धरला होता, दादा अलगद त्यात विमान अडकवत होते. अडकवून झालं. दोघं बहीणभाऊ माना वर करून खाली उभे राहिले. मग दादांनी गाल फुगवून त्याच्यावर एक फुंकर मारली. विमान गरकन फिरून उलटं झालं, आणि त्या दोघांनी एकदमच, न ठरवता, अंगठा पुढे ढकलला.